गाबोळी कापणारीची

"तीन दिवसांच्या आत मी कधीच न खाल्लेला पदार्थ माझ्या ताटात पडला पाहिजे. नाही पडला, तर मुदपाकखान्यातल्या अकराही जणांनी बोचकी बांधायची आणि किल्ल्याबाहेर व्हायचं."

वेळकोटचे भानजीराजे असं बोलले आणि तांबूल चघळत आडवे झाले. वर अट अशी की बाहेरून काही आणायचं नाही. मुदपाकखान्याच्या दारातून रोज जे आत येतं, त्यातूनच पदार्थ व्हायला हवा. आणि पदार्थ नवा की जुना हे ठरवणार कोण? तर स्वतः राजे! तिथंच सगळी मेख होती. चाळीस वर्षांच्या आयुष्यात 'हे मला ठाऊक नाही' असं वाक्य राजांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

पहिल्या दिवशी मुख्य बल्लव दादबा यांनी फणसाच्या आठळ्यांचा केशरी शिरा केला. राजांनी चमचाभर चाखला.

"खाल्लंय. आजोळी."

मग खेकड्याला चांदीचा वर्ख लावून झाला. तोही राजांनी मुंजीत खाल्लेला निघाला. दुसऱ्या दिवशी दादबांनी जिवावर उदार होऊन केळ्याची सालं तुपात परतली आणि वर वेलची भुरभुरली. राजांनी ती पूर्ण संपवली आणि म्हणाले, "खाल्लंय. लहानपणी. तेव्हा वेलची जास्त होती."

दादबा मुदपाकखान्यात येऊन मटकन खाली बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसापुढे पाककला काय करणार?

मागच्या अंगणात धुरपा विळीवर मासे कापत होती. सकाळपासून दुपारपर्यंत सुरमई, घोळ आणि बांगडे कापायचे हे तिचं काम. किल्ल्याच्या तटाला लागून तिचं एक खोपटं होतं आणि खोपटात अंथरुणाला खिळलेली सासू. बोचकं बांधता आलं असतं, पण सासूला कशात बांधणार? तिला राग आला, आणि राग आला की धुरपाचं डोकं फार छान चालायचं.

दादबांना ती म्हणाली की उद्याचं ताट मी वाढते. दादबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणावं, तर त्यांच्याकडेही दुसरं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं काय केलं, तर रोज घरी करायची तेच. घोळीच्या पोटातून गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, अलगद काढली. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं कडू होतं, म्हणून हात हलका ठेवला. हळद-मीठ लावून गाबोळी वाफवली, बोटांनी कुस्करली. तव्यावर कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात ती घातली. मग तडा गेल्यामुळं राजांच्या ताटासाठी बाद झालेली चार अंडी फोडून ढवळली, दोन आमसुलं टाकली आणि तवा तसाच तांदळाच्या भाकरीसह राजांपुढे नेऊन ठेवला. कारभाऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं.

राजांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग बराच वेळ कोणाकडे पाहिलंच नाही. दोन भाकऱ्या संपल्या, तव्याची कड बोटानं पुसून झाली, आणि मग राजांना आपण कोण आहोत ते आठवलं.

"खाल्लंय," ते म्हणाले.

दादबांनी डोळे मिटले. धुरपानं मात्र मान डोलावली.

"आजोळी खाल्लास काय, म्हाराज? थंयचे राजे मोठे. थंय असतला असला काय काय."

राजांना हे झोंबलं. "आजोळी कशाला? इथं! याच वाड्यात, याच पाटावर. गेली चाळीस वर्षं खातोय!"

"बरां झाला," धुरपा म्हणाली. तिनं मागं वळून खूण केली. दोन गडी विळी आणि बांगड्यांच्या दोन टोपल्या घेऊन आत आले आणि त्यांनी त्या राजांच्या पाटाशेजारी ठेवल्या.

"हे काय?" राजांनी विचारलं.

धुरपानं कारभाऱ्यांना विनंती केली की मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावर थोरल्या महाराजांनी काय कोरून ठेवलंय ते जरा वाचून दाखवा. राजांनी तो उंबरा कधी ओलांडला नव्हता, पण कारभाऱ्यांना मजकूर पाठ होता. त्यांनी घसा साफ केला. वाड्यात येणाऱ्या माशाच्या पोटातली गाबोळी कापणारीची. तिचा हा वाटा जो कोणी खाईल, मग तो राजा का असेना, त्यानं एक वर्ष विळीवर बसून मासे कापावेत.

"माझ्या आधी माझी सासू कापी, तिच्या आधी तिची सासू," धुरपा म्हणाली. "आमची गाबोळी आजपर्यंत आमच्याच चुलीवर गेली असा आमी समजत होतव. आजची मी माझ्या हातान वाढलंय, ती सोडा. पण म्हाराज म्हणतत, चाळीस वर्सा खातंय. म्हाराज खोटा कशाक बोलतले? बसा म्हाराज. चाळीस वर्सा कापूचे आसत, लवकर सुरवात केलेली बरी."

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत कोणाची? राजांनी विळीच्या पात्याकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे. बांगड्यांवर माश्या घोंगावत होत्या.

"धुरपा," राजे अगदी हळू म्हणाले, "हे मी कधीच खाल्लं नव्हतं."

दादबांनी डोळे उघडले. आणि राजे हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग इतके की उपरणं डोळ्यांना लावावं लागलं. अकराही जणांची चूल राहिली. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपाच्या हातात ठेवलं, तिच्या खोपटावर नवी कौलं घालायचा हुकूम सोडला, आणि मग घाईघाईनं रिकाम्या तव्याकडे बोट दाखवून विचारलं, "अजून आहे का गं?"

"आसा थोडा घरात. पण ता सासूचा," धुरपानं कडं ओच्याला बांधलं आणि विळी राजांकडे सरकवली. "म्हाराजांका रोज व्हया तर रोज येवा. अर्धी टोपली तुमी कापा, अर्धी गाबोळी तुमची."