एकशे एकोणऐंशी अंश

वर्गातल्या वस्तू माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका शाळेत फळ्यावरचे कोन मोजणारा लाकडी कोनमापक होता. लाकूड वाकल्यामुळे तो कोन कमी दाखवायचा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे एकोणऐंशी आली, की मुलं पुस्तकात बघून एकशे ऐंशी लिहायची. कोनमापक हे जाणून होता, पण गप्प राहायचा.

पुढे वर्गात संगणक आला. कोनांना आकड्यांऐवजी नुसती अक्षरं दिली, तरी तो उत्तर काढायचा. खैरनार बाई म्हणाल्या, "दोघांचं उत्तर जुळलं नाही, तर जुना चुलीत जाईल."

सगुणा नावाच्या मुलीने फळ्यावरच्या त्रिकोणाचे कोन कोनमापकाने मोजले, बेरीज एकशे एकोणऐंशी. संगणक म्हणाला, एकशे ऐंशी. वहीतला आपला आकडा खोडायला तिने खोडरबर उचललं.

"गप्प बस, वाचशील," खडू कोनमापकाच्या कानात कुजबुजला.

"खोडू नकोस, बाळ," कोनमापक म्हणाला. "चूक माझी आहे, आणि ती फार वर्षांची आहे."

"मग संगणकाचं खरं कशावरून?" सगुणाने विचारलं.

"माझं ऐकून मानू नकोस," संगणक म्हणाला. "वरच्या टोकातून पायाला समांतर रेघ काढ."

तिने काढली. तिन्ही कोन त्या सरळ रेघेवर शेजारी शेजारी बसले. "सरळ रेघ म्हणजे एकशे ऐंशीच!" सगुणा म्हणाली.

बाईंनी कोनमापक चुलीसाठी उचलला.

"बाई," सगुणा म्हणाली, "इतकी वर्षं गप्प होता तेव्हा ठेवला. आज खरं बोलला, तर जाळायचा?"

बाईंनी त्याला परत खिळ्याला टांगलं.