धक्क्यावरचे पहिले पाऊल

उत्तरेकडच्या थंड मुलखात गोड्या पाण्याचे एक सरोवर होते. ते इतके मोठे होते, की एका काठावरून दुसरा काठ दिसत नसे. त्याच्या अलीकडच्या बंदरात हाल्वर नावाचा एक म्हातारा कप्तान राहत असे. त्याचे शिडाचे जहाज होते. हिवाळ्यात सरोवर गोठे आणि जहाजे बंदरात अडकून पडत. पलीकडच्या गावातले लोक तेव्हा खारवलेले मासे आणि बटाटे खाऊन दिवस काढत. वसंतात बर्फ फुटला, की पिठाची पोती घेऊन पहिले जहाज कधी येते याकडे त्यांचे डोळे लागत. त्या वर्षी ज्या कप्तानाचे पाऊल धक्क्यावर पहिले पडे, त्याला गावकरी एक उंच, काळी रेशमी हॅट देत. सरोवरावर याहून मोठा मान नव्हता.

हाल्वरने ही हॅट बऱ्याचदा मिळवली होती. घरी आला, की त्याची बायको सिग्ने त्याला शेगडीजवळ बसवी आणि म्हणे, "आता सांग, कशी मिळवलीस?" सगळी हकीकत ऐकल्याशिवाय ती हॅट खुंटीला लावत नसे.

त्या हिवाळ्यात सिग्ने वारली. जाण्याआधी म्हणाली होती, "यंदाचीही आण हं." हाल्वरने होकारार्थी मान हलवली होती.

बर्फ फुटल्याची बातमी आली. हाल्वरने शिडे उभारली. शेजारी डंकन नावाच्या तरुण कप्तानाची नवी आगबोट धूर ओकत होती.

"काय आजोबा, शिडं वाळत घातलीत का?" डंकनने ओरडून विचारले.

"वाळली असती रे, पण तुझी काजळी बसतेय ना!"

दोघे निघाले. गाव दिसू लागले, पण मध्ये बर्फाचा जाड पट्टा अजून तसाच होता. शिडाच्या जहाजाने तो फुटण्यासारखा नव्हता. आगबोट मागे सरे, धडक देई, पुन्हा मागे सरे. फुटलेल्या बर्फातून पाण्याची एक चिंचोळी वाट तयार होत गेली आणि हाल्वरचे जहाज तिच्यातून हळूहळू मागे येत राहिले. दुपारी शेवटचा थर फुटला. त्याच धडकेत आगबोटीला पाण्यातून ढकलणाऱ्या चाकाच्या फळ्या तुटल्या.

हाल्वरने जहाज जवळ आणले. "काही हवंय का?"

"काही नको. फळ्या बसवायला संध्याकाळ होईल," डंकन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "व्हा पुढं. घ्या तुमची हॅट."

पुढे मोकळे पाणी होते आणि वारा पाठीशी होता. थोड्याच वेळात जहाज धक्क्याला लागले. सारे गाव जमले होते. गावचा प्रमुख हातात हॅट धरून उभा होता. "या कप्तान, या!"

हाल्वरने एक पाय उचलला. तेवढ्यात त्याला घरची शेगडी आठवली, आणि शेगडीपाशी बसून विचारणारी सिग्ने. या खेपेला काय सांगणार होता तो? त्याने पाय मागे घेतला.

"पीठ उतरवा," तो खलाशांना म्हणाला. "लोक पिठासाठी खोळंबलेत. मी इथंच थांबतो."

"कप्तान, अहो, बर्फ कुणी फोडायचा ते नियमात कुठं सांगितलंय?" त्याचा जुना सोबती आस्लाक म्हणाला.

"नाही सांगितलं. म्हणून तर मला ठरवावं लागतंय."

आस्लाकने आवाज खाली आणला. "आणि वहिनींना दिलेला शब्द?"

हाल्वरने मागच्या बर्फातल्या वाटेकडे बोट दाखवले. मग म्हणाला, "असली हॅट तिनं खुंटीला लावली नसती."

पोती घरोघर गेली. चुली पेटल्या. गावभर भाजलेल्या पावाचा वास सुटला. कुणीतरी एक गरम पाव हाल्वरला जहाजावर आणून दिला. हॅट धरून उभा राहिलेला प्रमुख मात्र कुरकुरत होता, "उतरा की हो आता! हात भरून आले माझे."

संध्याकाळी आगबोट लंगडत धक्क्याला आली. डंकन मान खाली घालून उतरला आणि पाहतो तर हॅट त्याच्याच डोक्यावर! ती हाल्वरच्या मापाची केली होती, त्यामुळे थेट कानांवर आली. लोक हसले. काय घडले ते आस्लाकने सांगितले, तेव्हा डंकन हसला नाही. हॅट काढून तो हाल्वरच्या जहाजापाशी गेला.

"कप्तान, खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर उतरलो असतो."

"पुढच्या वर्षी बघू," हाल्वर म्हणाला. पावाचा अर्धा तुकडा त्याने डंकनच्या हातात ठेवला आणि मग तो धक्क्यावर उतरला.

तात्पर्य: दुसऱ्याने फोडलेल्या वाटेने पुढे जाण्यात कमीपणा नाही, पण त्या वाटेचा मान ज्याचा त्याला द्यावा. जो मान मिळाल्याची हकीकत आपल्या माणसाला सांगता येत नाही, तो घेऊ नये.