फुटक्या हंड्याचे ठोके

एका गावात तांबटांची एक आळी होती. सकाळ झाली की तिथे हातोड्यांचा असा गलका उठे, की पलीकडच्या आळीतल्या लोकांनाही ओरडून बोलावं लागे. ज्याचा हातोडा वाजतो त्याचं बरं चाललंय, असं सगळे धरून चालत.

मग मंदी आली. कापसाचा भाव पडला, लोकांनी लग्नं पुढं ढकलली. नवी भांडी कोण घेणार? आळीच्या तोंडाशी भिवाजी तांबटाचं दुकान होतं. त्याचं काम थांबलं, घरी चूल एकदाच पेटू लागली. पण शेजारच्या रखमाजीचा हातोडा मात्र वाजतच होता. भिवाजीला लाज वाटली. त्यानं माळ्यावरचा एक फुटका हंडा काढला आणि दिवसभर तोच ठोकत बसला.

"अहो, कशाला हात दुखवून घेताय?" बायको सगुणा म्हणाली. "रखमाजीभावजींना विचारा तरी. असेल काम तर थोडं देतील."

"आणि आळीत शोभा करून घेऊ?" भिवाजी म्हणाला आणि ठोकतच राहिला.

एके दिवशी बैलगाडीतून दूरच्या देवस्थानाचा कारभारी आला.

"बरंच काम दिसतंय, तांबट?"

"मान वर करायला सवड नाही, मालक," भिवाजीनं खरोखरच मान वर न करता सांगितलं.

कारभाऱ्यानं कानोसा घेतला. आळीभर हातोडे वाजत होते. तो गाडीत बसून निघून गेला.

काही महिन्यांनी तीच गाडी गावातून परत जाताना दिसली. आत नव्या पातेल्यांची रास चकाकत होती. भिवाजी मागे धावला.

"मालक, हे काम आम्हाला का नाही दिलंत?"

"त्यासाठीच आलो होतो की! अन्नछत्राची भांडी. तुमच्या सगळ्या आळीला पुरून उरलं असतं. पण तुम्हालाच सवड नव्हती. पुढच्या गावची आळी गप्प होती, तिथं दिलं."

भिवाजी तसाच रखमाजीच्या दुकानात शिरला. रखमाजी एक जुनं घंगाळ ठोकत होता. ठोकून ठोकून त्याला भोक पडलं होतं. आळीतल्या बाकीच्या दुकानांतही असंच काहीबाही ठोकणं चाललं होतं.

त्या वर्षी भिवाजीनं ऐरण विकली. पाठोपाठ रखमाजीनंही विकली. एकेक करून सगळी दुकानं बंद झाली. पलीकडच्या आळीत आता कोणाला ओरडून बोलावं लागत नाही.

तात्पर्य: पडत्या काळात जो आपली अडचण लपवतो, त्याच्या दारापर्यंत आलेली मदतही परत जाते.