सावली सरेपर्यंत

“पण बाई, शून्यावर यायला किती वेळ लागेल, तेवढं तरी सांगा!”

शार्दूल रणदिवे घाट चढून आला होता तो एवढंच विचारायला. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला जितक्या फटक्यांची सूट, तितका त्याचा हँडिकॅप. सूट जितकी कमी, तितका खेळाडू मोठा. शार्दूलची सूट बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि तेवढीही त्याला सलत होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

पेरीनबाई म्हाताऱ्या पारशीण. एके काळी एकाच हंगामात शून्यावर पोचलेल्या. तिथल्या डोंगरी मैदानावर त्यांचं नाव अजूनही दबक्या आवाजात घेतलं जाई.

शेवटच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर त्या चेंडूवर वाकून उभ्या होत्या. धुकं असं दाट, की भोकातला झेंडाही दिसत नव्हता.

“जरा बाजूला हो,” त्या म्हणाल्या.

शार्दूल घाईने मागे सरकला. खरं तर तो त्यांच्या वाटेत नव्हताच.

“तू नाही, डिकरा.”

तिथं दुसरं कोणीच नव्हतं.

“घरी कोण असतं?” बाईंनी वर न बघताच विचारलं.

“बायको. लहान मुलगी. बायको म्हणते, खेळ सोड, नाहीतर मुलीला घेऊन मी कायमची माहेरी जाते. बॅगासुद्धा भरून ठेवल्यात तिनं. एकदा शून्यावर आलो ना बाई, की मग सगळा वेळ त्या दोघींचाच. म्हणून तर घाई!”

“मी पण रुसीला हेच सांगितलेलं.”

“रुसी?”

“माझा नवरा. इथेच उभा होता. मस्त ऊन पडलेलं. हा चेंडू आत गेला, की मी शून्यावर. मी वाकले, नी रुसीची सावली बरोबर माझ्या चेंडूसमोर आडवी.”

“मग?”

“समोरचा नेम धरत असला, की आवाज करायचा नाही. आपला रिवाज. रुसी रिवाज मोडणारा माणूस नव्हता. छातीत कळ आली तरी ओठ मिटून राहिला... मी मान वर नाही केली. गवतावर दिसत होतं सगळं. आधी सावली वाकली. मग आखूड झाली. आखूड होत होत माझ्या वाटेतून सरली...”

“आणि तुम्ही?”

“वाट मोकळी झाली. मी चेंडू मारला.”

धुक्यात, अगदी जवळच, गवतावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. कोणी गुडघ्यावर बसावं तसा.

शार्दूलला बाईंची कीव आली, त्याहून जास्त भीती वाटली. थेट घर गाठावं, बायकोच्या हातातली बॅग काढून घ्यावी, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“आणि... चेंडू गेला आत?”

पेरीनबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्याकडे नीट बघितलं.

“तुला फार वेळ नाही लागायचा, डिकरा.”