राही कासारणीने काढलेला माणूस

टेंभूरगडच्या रणधवल महाराजांची मिरवणूक बाजारातून निघाली, आणि सगळा बाजार त्यांच्याकडे पाठ करून उभा!

हत्ती झुलतोय, नगारे वाजतायत, महाराज मिशांना पीळ देतायत. पण लोकांची तोंडं भिंतीकडे. धर्मशाळेच्या पांढऱ्या भिंतीवर राही कासारणीने कोळशाने नवं चित्र काढलं होतं. शिंक येता येता अडकलेला गणू तेली! लोक पोट धरून हसत होते. खुद्द गणू तेलीसुद्धा.

महाराज हत्तीवरूनच गरजले, "त्या तेल्याच्या नाकात असं काय आहे, जे माझ्या मिरवणुकीत नाही?"

"शिंक, महाराज!" राही म्हणाली.

राही बाजारात बांगड्या भरायची. बांगडी चढवताना हाताकडे नाही, बाईच्या तोंडाकडे बघायचं, म्हणजे कुठे दुखतंय ते कळतं, असं तिला आईने शिकवलेलं. बघून बघून गावातली सगळी तोंडं तिला पाठ झाली होती. गिऱ्हाईक नसलं की ती भिंतीवर उतरवायची.

"साध्या माणसात बघायचं काय!" महाराज म्हणाले. "सगळे एका पोत्यातले हरभरे!"

"माझ्या भिंतीवरचा हरभरा कोणीही नावानिशी ओळखतं, सरकार."

"असं? मग ऐक! माझ्या राज्यातला एक साधा माणूस काढ. अगदी हुबेहूब! पण भर दरबारात कोणालाही त्याचं नाव सांगता येता कामा नये. एकाने जरी नाव घेतलं, तर या भिंतीला चुना फासीन आणि तू पुन्हा कोळसा हातात धरायचा नाहीस. आठ दिवसांची मुदत!"

राही विचार करत घरी निघाली. हुबेहूब काढायचा, आणि ओळखू यायचा नाही! टेंभूरगड ते केवढं? तिथे परगावचं कुत्रं आलं, तरी त्याची आत्या कोण ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक!

तिने डोंगरातल्या गुहेतल्या बुवांचं चित्र काढून बाजारात दाखवलं. कल्हईवाली लगेच ओरडली, "अगं बाई! हे तर आमचे भावजी! माझं पातेलं घेऊन पळालेले!" मग तिने रानात एकट्या राहणाऱ्या धनगराचं काढलं. त्याला आधी ओळखलं त्याच्याच मेंढीने. बें बें करत तिने कागद चाटला, आणि मेंढी कोणाची हे साऱ्या बाजाराला माहीत होतं.

सहा दिवस असेच गेले. आता भिंतीवरचा गणू तेली पुसला जाणार, त्याच्या शेजारची पिंजारीण पुसली जाणार, उभ्या उभ्या झोपलेला हवालदारही जाणार!

सातव्या दिवशी दुपारी राणीसाहेबांचं बोलावणं आलं, बांगड्या भरायला. राही हिरवी बांगडी चढवत होती, इतक्यात आतून एक माणूस पोट खाजवत आला आणि फडताळात हात घालून चकली शोधू लागला. राहीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. राहीने मात्र त्याला असं निरखलं, की बांगडी राणीसाहेबांच्या अंगठ्यापाशीच अडकून राहिली!

घरी जाऊन तिने कोळसा उचलला.

आठव्या दिवशी भर दरबारात चित्रावरचं फडकं निघालं. एक गोल, टकला माणूस. टाळूवर तीन केस, तिघांची तोंडं तीन दिशांना. गालावर उशीच्या चुण्या. मिशा भिजलेल्या कावळ्याच्या पंखांसारख्या लोंबलेल्या, आणि डाव्या मिशीत चकलीचा काटा.

"हलवायाचा भाऊ का?" प्रधानजींनी विचारलं.

"छे! माझा भाऊ बरा दिसतो!" हलवाई म्हणाला.

सेनापतींनी डोळे बारीक केले. "शत्रूचा हेर असावा. इतकं बावळट मुद्दामच बनावं लागतं!"

नाव मात्र कोणालाच सांगता येईना. महाराज हसून लोळायचे बाकी राहिले. "असला भोपळा माझ्या राज्यात नाहीच! मनाने काढलास! हुबेहूब आहे ना? मग आण त्याला समोर!"

"समोरच आहे, महाराज. जरा पगडी उतरवता का? आणि मिशांचा पीळ तेवढा सोडा."

महाराजांनी हळूच पगडी काढली. तीन केस उभे राहिले, तीन दिशांना! पडद्यामागे राणीसाहेब खो खो हसत सुटल्या.

महाराज लालबुंद झाले. "हरलीस! राणीने ओळखलं होतं!"

"ओळखलं असेल, सरकार. पण अट नाव घेण्याची होती. आणि नवऱ्याचं नाव भर दरबारात कोणती बायको घेते?"

"पण मी साधा माणूस काढायला सांगितला होता! मी राजा आहे, राजा!"

"राजा होता की काल महालात," राही हात जोडून म्हणाली, "पण त्या वेळी तो पगडीसकट खुंटीवर टांगलेला होता! खाली चकली शोधत होता, तो मी काढला!"

आधी महाराजांची हनुवटी हलली, मग पोट, मग सिंहासन! हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी राहीच्या ओंजळीत टाकला आणि म्हणाले, "गडाची सगळी तटबंदी आजपासून तुझी! हवं त्याचं तोंड काढ! पण पहिलं आमच्या सेनापतींचं. पगडीशिवाय!"

सेनापतींनी दोन्ही हातांनी पगडी गच्च धरली.