बाहेर ठेवलेला घास

"कोण राहतं इथं?" भारतीबुवांनी विचारलं.

"सध्या आम्ही दोघंच, बुवा. बाकीची बिऱ्हाडं पुढच्या महिन्यात येतील."

"माणसांचं नाही विचारत रे. बाकीचं कोण?"

हेरंबला प्रश्न कळला नाही. प्रश्न कळला नाही की तो आपल्या कामाचं कौतुक सुरू करायचा. आताही त्याने तेच केलं.

हेरंब चांदवडकर इमारती बांधायचा आणि ही वसाहत त्याची सगळ्यात लाडकी. पावसाचा थेंब वाया जात नव्हता. छपरावर वीज तयार होत होती. ओल्या कचऱ्याचं खत होत होतं. वसाहतीला बक्षिसंही मिळाली होती, पण ती टांगायला भिंत सापडत नव्हती, कारण जिथे तिथे वेली चढवल्या होत्या.

"झाडं छान आहेत," बुवा म्हणाले. "फळ कुठलं धरतात?"

"फळ नाही धरत. मुद्दाम तशीच निवडलीत. जांभूळ, उंबर लावलं की फरशीवर सडा पडतो, माश्या होतात. मुंग्या-किड्यांसाठी तर दर महिन्याला फवारणी असते."

"आणि छपरावर ते काय लुकलुकतंय?"

"पाखरं बसली की पॅनेल घाण होतात, वीज कमी मिळते. म्हणून यंत्रं बसवलीत. सारखा आवाज करत असतात, पण माणसाला ऐकू येत नाही."

"मग कुणाला येतो?"

हेरंबने छपराकडे पाहिलं.

"...ज्यांनी इथं येऊ नये, त्यांना."

बुवांनी मान डोलावली. ती कौतुकाने डोलावली असं हेरंबला वाटलं.

लहानपणापासून तो बुवांच्या मठात जायचा. नव्या घरातलं पहिलं जेवण बुवांचं, हे मात्र त्याच्या बायकोने ठरवलं होतं. वैदेहीला सातवा महिना होता. सामान लावायला ती इथे येऊ लागली, तेव्हापासून कानात दडे बसल्यासारखं वाटतं म्हणायची. सकाळी तिने सरळ सांगून टाकलं होतं. "बुवा इथं जेवले, तर मी राहीन. उपाशी उठले, तर मी माहेरी जाते. बाळाला घेऊन या घरात परत यायची नाही."

हेरंबने ते हसण्यावारी नेलं होतं. जेवायला काय, बुवा कुठेही जेवतात.

पण बुवांचा एक नियम होता. पानातला पहिला घास ते अंगणात ठेवायचे. कावळा येवो, कुत्रं येवो, मुंगी येवो, कुणीतरी तो घास घेतल्याशिवाय दुसरा घास तोंडात घालायचे नाहीत. मठात याला कधी वेळ लागला नव्हता. तिथे घास जमिनीवर टेकायच्या आत चोची हजर असायच्या.

वैदेहीने पान वाढलं. बुवांनी वरणभाताचा घास उचलला, वर शिऱ्याची चिमूट ठेवली, आणि अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर नेऊन ठेवला.

मग ते पडवीत येऊन बसले.

कुणी आलं नाही.

भात निवाला. शिऱ्याचं भांडं उघडंच होतं, पण त्यावर एक माशी बसली नाही. वैदेहीने ते पाहिलं आणि पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"पोरी, तू जेवून घे," बुवा म्हणाले. "नियम माझा आहे. पोटातल्या जीवाला कशाला?"

"तुमचं झाल्यावर, बुवा."

ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. वारा होता, पानं हलत होती, पण त्या एवढ्या हिरवाईत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. हेरंबने फरशीकडे निरखून पाहिलं. एक मुंगी दिसली असती तरी त्याने तिच्या पाया पडायचं बाकी ठेवलं नसतं. आपणच बांधलेल्या अंगणाची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

"बुवा, यंत्रं बंद करतो."

"कर."

त्याने केली. तरी कुणी आलं नाही. इथे यायची सवयच कुणाला उरली नव्हती.

वैदेही आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन ओढल्याचा.

बुवांनी डोळे मिटले होते.

हेरंब उठला. अनवाणीच अंगणात गेला, कुंडीच्या आडोशाला उकिडवा बसला. घास उचलून फेकायचा कुठे? अंगणातल्या छोट्या तळ्याचं पाणी इतकं नितळ ठेवलेलं, की तळाशी पडलेलं शीतही दिसलं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारं अंगण दिसायचं, कुठल्याही क्षणी वैदेही तिथे आली असती. त्याने इकडे तिकडे मान वळवून पाहिलं. आणि घास स्वतःच्या तोंडात टाकला.

गार, चिकट भात. तो न चावताच गिळला.

पडवीत आला तेव्हा त्याच्या घशातून शब्द फुटेना. नुसता खरखरीत आवाज निघाला. तो खाकरला.

"बुवा... घास घेतला."

बुवांनी डोळे उघडले. "कुणी?"

"...कावळ्यानं."

बुवांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग पानाकडे वळले. "वाढ पोरी. घेतलाय म्हणतो."

वैदेही धावतच आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिने निवलेला भात काढून गरम वाढला, स्वतःही जेवली, दोनदा शिरा घेतला. भरलेली बॅग तशीच पलंगावर राहिली. बुवा पोटभर जेवले. हेरंबला मात्र एक घास उतरला नाही.

दिवेलागणीला तो बुवांना फाटकापर्यंत सोडायला गेला. वाटेवरचे दिवे आपोआप लागले. एकाही दिव्याभोवती पाखरू नव्हतं. कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, रातकिडे ओरडत होते. अलीकडे काही नव्हतं.

हेरंब पाया पडला. "पुन्हा कधी याल, बुवा?"

बुवांनी त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग अंगठ्याने त्याच्या मिशीत अडकलेलं भाताचं शीत काढलं. तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरलं.

"रोज येईन."

"...रोज?"

"इथं हा एवढा एकच कावळा आहे बाळा. त्याला उपाशी कसं ठेवू?"