शतावरीचा पान्हा

सह्याद्रीच्या पायथ्याशी आंबेदरे नावाचे गाव. तेथील टेकडीवरच्या शिवालयात सोमगिरी महाराज राहत असत, तेव्हाची ही हकिगत.

ठाकरवाडीतली म्हातारी बुधी रोज महाराजांच्या पायावर डोके ठेवून रानात जाई आणि मुळ्या खणून अडल्यानडल्याला देई. गावचे वैद्य विसाजीपंत तिला पाहिले की हसत. "माती उकरणाऱ्यांनी वैद्यकी करायची, तर आम्ही ग्रंथ कशाला पाठ केले?" बुधी कुदळ खांद्यावर टाकून पुढे जाई.

त्या वैशाखात विसाजीपंतांची लेक यमुना माहेरी बाळंत झाली. बाळ गोंडस, पण आईला पान्हाच फुटेना! वैद्यांचे सारे उपाय थकले. शेळीचे दूध बाळाला पचेना. सातव्या दिवशी त्याचे रडणेही क्षीण झाले. तेव्हा पंतांची पत्नी उमाबाई धावतच ठाकरवाडीत आली. "बुधीबाई, पान्ह्यासाठी ओली शतावरी कुठे मिळेल का ग?"

नुकतेच वणव्याने सारे रान जळाले होते. बुधी तशीच महाराजांकडे गेली. "बाबा, समदं रान कोळसा झालंय. लेकरू हातचं जातंय वो!"

महाराजांनी अंगणातल्या कातळाकडे बोट केले. "इथे खण."

"बाबा, हितं तर निस्ता दगूड हाय!"

"नाव घे आणि खण."

बुधीने डोळे मिटून कुदळ मारली. दगडाची ढलपी उडाली, आणि काय ती कृपा! खाली ओली माती, आणि मातीत बोटांएवढ्या पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचे घोसच्या घोस!

मुळ्या घेऊन ती पंतांच्या घरी पोचताच उमाबाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. बुधीने मुळ्या सोलल्या, आतली शीर काढली, वाटून गाईच्या दुधात शिजवल्या आणि यमुनेला घोटघोट पाजल्या. विसाजीपंत दारात नुसते उभे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी यमुना एकदम हुंदका देऊन हसली. बाळ चुटूचुटू दूध ओढू लागले होते!

पंत धावत टेकडीवर गेले आणि त्यांनी महाराजांच्या चरणी लोटांगण घातले. महाराज म्हणाले, "पंत, ज्या हातांनी मूळ काढले, ते खाली तुमच्या घरात राबताहेत."

पंत परतले आणि चुलीपुढे बसलेल्या बुधीसमोर त्यांनी मस्तक टेकवले. ती गडबडून म्हणाली, "अवो पंत, उठा! दूध उतू जातंय."

विसाजीपंत उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पातेले उतरवले.